वारीची वाट आणि पावसाची वाटणी

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला आहे, आणि त्यातील बहुसंख्य वारकरी हे शेतकरी आहेत. पेरणी उरकून वारीस निघावे, अशी जुनी रीत. पेरणीच झाली नाही, तर पाय पंढरीच्या वाटेवर आणि चित्त बांधावर, अशी त्यांची अवस्था होते.

ही वाटही पाहण्याजोगी आहे. माउलींची पालखी आळंदीहून निघून दिवे घाट चढते, सासवड, जेजुरी करीत नीरा ओलांडते आणि लोणंद, फलटण, माळशिरस या मार्गे पर्जन्यछायेच्या प्रदेशात खोल शिरते. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या फलटणला जेमतेम पाचशेच्या आसपास. ही विषमता सह्याद्रीइतकीच जुनी. बाजरी आणि शाळू ही पिके तिच्याशी जुळवून घेऊनच या मातीत रुजली. अवर्षणही नवे नव्हे. १६३० चा भीषण दुष्काळ तुकोबांनी स्वतः भोगला होता.

नवे आहे ते पावसाचे वेळापत्रक. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे. परिणामी पाऊस थोड्या दिवसांत, थोड्या तासांत ओततो आणि मग दीर्घकाळ दडी मारतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. आणि त्याही मोसमी वाऱ्यांचा जोर मंदावत असताना! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये उभी पिके मातीसकट वाहून गेली, आणि एरवी कोरडी पडणारी सीना सोलापूर जिल्ह्यात गावे वेढून बसली.

अशा काळात ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला’ हे वाक्य जवळजवळ निरर्थक होय. चार दिवसांत बरसलेली सरासरी पिकास तारीत नाही आणि विहिरीसही पुरेशी पोचत नाही. ती ओढ्यावाटे निघून जाते. तरीही आपली नुकसानभरपाई महसूल मंडळातील एका मापकावर, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर या निकषावर तोलली जाते. मापक कोरडा आणि शिवार पाण्याखाली, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. कारण ढग मंडळाची हद्द पाहून फुटत नाही. मापक गावोगाव हवेत, आणि मोजणी केवळ पडलेल्या पावसाची नव्हे, तर दोन पावसांतील कोरड्या दिवसांचीही हवी. दुबार पेरणीचे कर्ज त्या कोरड्या दिवसांतच चढते.

उद्या द्वादशीचे पारणे सोडून वारकरी परतीस लागतील. घरी पोचताच ते प्रथम शेताकडे जातील.