सुंठ घेऊनही खोकला का जात नाही?

‘सुंठीवाचून खोकला गेला’ असे आपण म्हणतो. पण सुंठ घेऊनही तो जाईना, तर सुंठीला नावे ठेवण्याआधी पुडीत नेमके काय होते, हे विचारायला हवे.

आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यांमुळे येतो. आले वाळवताना काही जिंजेरॉलचे शोगाओल बनते. ते अधिक तिखट असते, म्हणून सुंठ झणझणीत लागते. वास मात्र उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. गोम आहे ती येथेच. अख्ख्या सुंठीत ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा आणि असे तेल किमान दीड टक्का असावे, असे आपली अन्नमानके सांगतात. पण तेलाच्या मोजणीतून जिंजेरॉल किती, हे कळत नाही.

त्यासाठी एचपीएलसी नावाचे यंत्र लागते. सुंठपुडीचा अर्क गाळून तो दाबाखाली एका नळीतून सोडतात. त्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि शुद्ध नमुन्याशी ताडून त्यांचे प्रमाण ठरते. अर्क काढून घेतलेला चोथा वाळवून, मिरचीचा तिखटपणा देऊन विकला, तर जीभ फसेल. ही तपासणी फसणार नाही.

माझे स्पष्ट मत आहे की, औषधी गुण सांगून विकल्या जाणाऱ्या सुंठपुडीवर जिंजेरॉलचे प्रमाण छापलेच पाहिजे. यंत्र महाग आहे, लहान व्यापाऱ्याने काय करावे, असे कोणी म्हणेल. पण यंत्र दुकानोदुकानी नको. प्रत्येक लॉटमधील एक नमुना सामायिक प्रयोगशाळेत तपासला तरी पुरे. साताऱ्यासारख्या आले पिकवणाऱ्या जिल्ह्यात मग शेतकऱ्यालाही वजनाबरोबर गुणाचा भाव मागता येईल.

ग्राहकही अगदीच हतबल नाही. अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार, खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगून, शुल्क भरून आपण माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल नियमात बसला नाही, तर शुल्क परत मिळते.

तोवर अख्खी सुंठ घ्यावी. चुना लावून पांढरीफेक केलेली किंवा किडलेली टाळावी. मोडून वास पाहावा, लागेल तेवढीच कुटावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी रोज सुंठ घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि खोकला दोन आठवडे हटला नाही, तर सुंठ कितीही अस्सल असो, थुंकी तपासून घ्यावी.