पन्नास रुपयांत माफ होणारे क्रौर्य

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासच्या प्रदेशातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांतच त्यात दुरुस्ती झाली, आणि त्या निमित्ताने साऱ्या देशात एकच वाद माजला. कुत्र्यांची कड घेणारे आणि कुत्र्यांना कंटाळलेले, असे दोन तट पडले. परंतु या दोन्ही तटांनी एक प्रश्न विचारला नाही. रस्त्यावरील कुत्र्यांची संख्या कमी करण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होत असताना, त्याच गावात खासगी नफ्यासाठी कुत्र्यांची पैदास बिनदिक्कत चालू राहते, ती कोणाच्या परवानगीने? निर्बीजीकरणाचा खर्च नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने सोसायचा आणि पैदाशीचा नफा व्यापाऱ्याने खिशात घालायचा. नफा खासगी आणि खर्च सार्वजनिक हा भांडवली व्यवहाराचा परिचित नमुनाच येथेही दिसतो. फरक एवढाच की येथील उत्पादनाचे साधन म्हणजे एक जिवंत, मुकी मादी आहे.

पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमचे सुकापूर काही दशकांपूर्वी भातशेतीचे गाव होते. आज तेथे इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. सकाळी फिरावयास निघाले की साखळीला बांधलेली लॅब्राडोर, पग, शित्झू, हस्की अशी नाना जातींची कुत्री दिसतात. बर्फाळ प्रदेशासाठी निपजलेला हस्की कोकणच्या मे महिन्यात धापा टाकीत चालतो. ही कुत्री पाळणारी माणसे बहुधा प्रेमळ असतात, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या पिल्लाची आई पाहिली आहे? पिल्लू मोबाइलवरील छायाचित्रावरून पसंत होते, मध्यस्थ ते पेटीत घालून आणून देतो आणि पैसे मोजले जातात. आई कोठे आहे, किती वेळा व्याली आहे, कशा जागेत राहते, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला होता. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू हुसकला जातो आणि वाईट तेवढा उरतो, असा त्याचा आशय. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पिल्लांचा बाजार हा या सिद्धान्ताचा जणू पाठच आहे. जो पैदासकार मादीला पुरेशी विश्रांती देतो, लसी टोचतो, पिल्लू आठ आठवडे आईजवळ ठेवतो, त्याचा खर्च वाढतो. जो यांतले काहीच करीत नाही त्याचे पिल्लू स्वस्त पडते, आणि विक्रीच्या क्षणी दोन्ही पिल्ले सारखीच गोजिरवाणी दिसतात. पार्व्हो किंवा डिस्टेंपर घरी आल्यानंतर बाहेर पडतो. तोवर मध्यस्थाचा दूरध्वनी बंद झालेला असतो.

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे नऊ आठवड्यांत वितो. तिला प्रत्येक माजाला नराकडे नेले तर वर्षात दोन वेते हाती लागतात. केवळ नफ्याच्या हिशेबाने पाहणाऱ्याला ती मादी म्हणजे दोन पाळ्यांत चालणारे यंत्र वाटते, आणि यंत्र झिजले की भंगारात जाते. अशा माद्या म्हाताऱ्या झाल्यावर कोठे जातात, हे रस्त्याच्या कडेला सोडलेली, स्तन ओघळलेली, डोळ्यांत पडदा आलेली 'जातिवंत' कुत्री पाहिली की उमगते. मागणी कशी निर्माण केली जाते, तेही आपण पाहिले आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग झळकला आणि पगच्या पिल्लांना एकदम मागणी आली. त्या चपट्या नाकाच्या जिवाला आपल्या उकाड्यात श्वास घेणेसुद्धा कष्टाचे असते, ही गोष्ट जाहिरातीत नव्हती.

आता कायद्याकडे वळू. राज्यसभेच्या नियुक्त सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक मांडले. नेहरूंच्या सरकारने त्याची दखल घेऊन समिती नेमली, आणि अखेर १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. त्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, अन्न, पाणी व निवारा न देणे, हे सारे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होते. आज एका पिल्लाची किंमत हजारोंत मोजली जाते. जो दंड नफ्याच्या शतांशालाही पोचत नाही त्याला दंड म्हणत नाहीत. तो धंद्याचा किरकोळ खर्च झाला.

२३ मे २०१७ रोजी केंद्र सरकारने याच कायद्याखाली कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी स्वतंत्र नियम जारी केले. त्यांनुसार प्रत्येक पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांहून लहान मादीची पैदास करता येत नाही. बारा महिन्यांत एकच वेत आणि सबंध आयुष्यात पाचांहून अधिक वेते नाहीत. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नोंदवह्या ठेवल्या पाहिजेत, तपासणीस मुभा दिली पाहिजे. नियम चांगले आहेत. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे नियम पाळणे म्हणजे उत्पादन निम्म्यावर आणणे होय. निम्मे उत्पन्न सोडायचे की पन्नास रुपयांचा धोका पत्करायचा, असा पर्याय ज्याच्यापुढे आहे तो काय निवडील, हे सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही.

खटले उभे का राहत नाहीत, याची कारणेही कायद्याच्याच पोटात आहेत. अकराव्या कलमातील बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलीस नोंद घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही असे सांगून मोकळे होतात. छत्तिसाव्या कलमानुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो दाखल करताच येत नाही. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज या फेऱ्यात तीन महिने केव्हाच सरतात. तरीही हाती काहीच नाही असे नव्हे. अवयव छाटून विद्रूप करण्याचा गुन्हा दखलपात्र आहे, आणि हौसेखातर कान व शेपट्या कापण्याची प्रथा त्यात बसते असा आग्रह धरता येतो. चौतिसाव्या कलमाखाली शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला संशयास्पद स्थितीतील प्राणी ताब्यात घेऊन तपासणीस पाठविता येतो. एकोणतिसाव्या कलमाखाली दोषी मालकाची मालकी न्यायालय काढून घेऊ शकते. पन्नास रुपयांपेक्षा व्यापाऱ्याला याचेच खरे भय आहे. नागराज प्रकरणात ७ मे २०१४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या तुटपुंज्या शिक्षा वाढविण्याची गरज संसदेच्या नजरेस आणून दिली होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने सुधारणेचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यानंतर तीन वर्षे लोटली तरी त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आता आपल्याच बांधवांचा आक्षेप. माणसाला पोटभर अन्न नाही, कंत्राटी कामगाराला किमान वेतन नाही, आणि तुम्ही कुत्र्यांची कैफियत काय मांडता? या आक्षेपामागील कळकळ खरी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. करुणेचा साठा मर्यादित असतो, एकाला दिली की दुसऱ्याला उरत नाही, असे इतिहास सांगत नाही. १८२४ साली इंग्लंडमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध पहिली संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणारे विल्यम विल्बरफोर्स होते. १८९२ साली प्राण्यांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिणारे हेन्री सॉल्ट समाजवादी होते, आणि लंडनमध्ये विद्यार्थी असलेल्या गांधीजींवर त्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला होता. रोझा लक्झेंबर्ग यांनी १९१७ च्या डिसेंबरात तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, युद्धाची लूट म्हणून आणलेल्या आणि गाडीला जुंपून रक्तबंबाळ केलेल्या म्हशींच्या वेदनेशी आपले नाते सांगितले. त्यांना कामगारांचे दुःख कमी ठाऊक होते, असे कोण म्हणेल? आणि आपल्या महाराष्ट्रात तर भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घराघरांत सांगितली जाते. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारच्या कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने दुकाने बंद झाली, लष्कर बोलवावे लागले. या शहराच्या सुरुवातीच्या हरताळांपैकी एक हरताळ मुक्या जिवांसाठी झाला होता.

मुख्य मुद्दा असा की, ज्या वृत्तीला जिवंत देह केवळ उत्पादनाचे साधन दिसतो ती वृत्ती कुत्र्यापाशी थांबत नाही. पैदाशीच्या शेडमध्ये दिवसरात्र राबणारा परप्रांतीय मुलगाही बहुधा नोंदीविना आणि हक्काविनाच काम करीत असतो. मादीची नोंदवही नाही तेथे मजुराचे हजेरीपत्रक असेल, अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

मात्र दोन गोष्टींचे भान आपण राखले पाहिजे. पहिली म्हणजे प्राण्यांच्या नावाने जमाव गोळा करून कायदा हाती घेण्याचा जो विकृत प्रकार या देशात गेल्या काही वर्षांत बोकाळला, त्याच्याशी आपला तसूभरही संबंध असता कामा नये. आपल्याला खटला हवा आहे, झुंडशाही नको आहे. पुरावा, पंचनामा, पशुवैद्याचा दाखला आणि न्यायालय, हाच आपला मार्ग. दुसरी गोष्ट म्हणजे कारवाईचा बडगा घरातल्या एका कुत्रीची पिल्ले विकणाऱ्या गरीब कुटुंबावर पडावा आणि अनेक शेडचा मालक सुटावा, असे होऊ देता कामा नये. गरिबाला नियम समजावून सांगावेत, नोंदणीस मदत करावी. खटला प्रथम घाऊक पैदासकारावर आणि त्याच्या दलालावर भरावा.

इंग्लंडमध्ये काय घडले ते पाहण्यासारखे आहे. वेल्समधील पैदास केंद्रातून २०१३ साली सुटका झालेल्या ल्युसी नावाच्या एका पिचलेल्या कुत्रीच्या नावाने तेथे चळवळ झाली, आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालील पिल्ले मध्यस्थामार्फत विकण्यास बंदी आली. पिल्लू घ्यायचे तर आईजवळच पाहून घ्यायचे. व्यापारातला अंधार नेमका कोठे आहे हे त्या चळवळीने ओळखले, आणि सामान्य नागरिकांच्या रेट्याने संसदेला हलविले.

आपल्याला करता येण्याजोगी कामे आहेत आणि ती आपल्याच तालुक्यापासून सुरू करता येतील. माहितीच्या अधिकाराखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे रायगड जिल्ह्यातील नोंदणीकृत पैदासकारांची यादी मागावी. यादीत ज्यांचे नाव नाही आणि जे उघड विक्री करतात, त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि तीन महिन्यांच्या मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवावी. पोलिसांनी हात वर केले तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट फिर्याद करावी. आपल्यात वकील मित्र आहेत, त्यांनी एवढे ओझे उचलावे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा २००१ चा नियम आहे. आपल्या जिल्ह्यातील सोसायटीच्या सभा कधी झाल्या, तिने किती तपासण्या केल्या, हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे. ग्रामसभेत बेकायदा पैदाशीविरुद्ध ठराव मांडावा. आपल्या खासदारांना पत्र लिहून तीन मागण्या कराव्यात: दंड नफ्याच्या प्रमाणात हवा, गुन्हे दखलपात्र हवेत, तीन महिन्यांची मुदत वाढवावी. आणि स्वतःच्या घरी कुत्रे हवेच असेल तर ते विकत न घेता निवाऱ्यातून किंवा गल्लीतून आणावे.

आमच्या पनवेल-उरणच्या भूमीला कायदा कसा मिळवावा लागतो हे शिकवावे लागत नाही. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी येथील पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तेव्हा कोठे सरकारला ऐकू आले. त्या शेतकऱ्यांना वाचा होती, संघटना होती, दि. बा. पाटलांसारखा नेता होता. पिंजऱ्यातील मादीपाशी यांतले काहीच नाही. तिच्या वतीने कागद लिहिणारा, पोलीस ठाण्याची पायरी चढणारा आणि तारखेला न्यायालयात उभा राहणारा कोणी असेल तरच १९६० चा कायदा तिच्यापर्यंत पोचेल. ते काम करणारे कार्यकर्ते आपल्यातूनच निघाले पाहिजेत.