पुढची एसी किती वाजता?

सकाळची 8:33 ची एसी लोकल आमच्या स्टेशनात शिरते तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळात बहुतेक वेळा 8:40 झालेले असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी धक्काबुक्की टाळायला सांगितली, म्हणून गेली तीन वर्षं मी एसीचा पास काढते. काम एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रक्त काढण्याचं. तिथे उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर ताटकळत बसलेली असतात आणि त्यांत मधुमेहाची म्हातारी माणसंही असतात. तीन लेटमार्कांना अर्धी रजा कापली जाते, ती जाऊ दे. त्या बाकासमोरून आत जाताना मात्र मान वर होत नाही.

उशीर कुठे होतो हे पाहायचं असेल तर दाराजवळ उभं राहावं. साध्या लोकलमधून माणसं उतरू लागतात ती गाडी थांबायच्या आधीच, आणि चढणारे चालत्या गाडीचा दांडा धरतात. हे जिवावर बेतणारं आहे. पण वीस-तीस सेकंदांचा थांबा इतकी वर्षं निभला तो याच धोक्याच्या जोरावर. एसी लोकल आधी पूर्ण थांबते, मग दारं उघडतात, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, मग दारं लागतात. बारा डब्यांतलं एक दार जरी लागलं नाही, तरी गाडी हलत नाही. एका स्टेशनात अर्धं मिनिट, पुढच्यात आणखी अर्धं. गर्दीच्या वेळी मागे तीन-चार मिनिटांवर दुसरी लोकल असते, ती सिग्नलला अडकते, तिच्यामागची तिच्यामुळे. एसीत पाऊल न टाकणाराही एसीमुळे उशिरा पोहोचतो, आणि त्याचा राग खरा आहे.

मध्यंतरी एक कॉलेजातला मुलगा दारात अडकला. एक पाय आत, पाठीवरची सॅक बाहेर. प्लॅटफॉर्मवरचा पोलीस त्याला आत ढकलत होता, आतून बायका ओरडत होत्या, दार लागत नव्हतं. मीही म्हटलं, "अरे बाळा, उतर ना, मागची पकड."

तो म्हणाला, "काकू, मागच्या साध्या गाडीत दारातही जागा नसते. आणि पुढची एसी किती वाजता आहे, सांगा ना."

चाळीस मिनिटांनी होती. मला ते माहीत होतं. मी गप्प बसले.

दार अडवणाऱ्यांना शिस्त नाही, असं सगळेच म्हणतात. त्या दिवसापर्यंत मीही म्हणत होते. पण वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 पासून अशाच आपोआप लागणाऱ्या दारांनी धावते आहे, आणि तिच्यात चढतो तो हाच मुंबईकर. घाटकोपरला सकाळी पाय ठेवायला जागा नसते, तरी तो रांगेत थांबतो, कारण ही गेली तर काही मिनिटांत दुसरी येते हे त्याला ठाऊक असतं. ज्याला पुढची गाडी चाळीस मिनिटांनी आहे, तो सॅक घालून दार अडवणारच. गाड्या थोड्या आहेत म्हणून त्या उशिरा धावतात, असं माझं म्हणणं आहे.

देशातली पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. सुरुवातीला भाडं परवडत नव्हतं म्हणून ती रिकामी जायची. मे 2022 मध्ये तिकीट निम्म्यावर आलं, पहिल्या टप्प्याचे 65 रुपये होते त्याचे 30 झाले, आणि गाड्या भरल्या. भाडं उतरलं तशा गाड्या वाढल्या नाहीत. ज्या वाढल्या त्यांतल्या बऱ्याच साध्या लोकलच्या वेळेवर बसवल्या गेल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर नव्हे, थेट रुळांवर आणि स्टेशनात उतरले, तेव्हा दहा एसी फेऱ्या मागे घेऊन पुन्हा साध्या कराव्या लागल्या. त्या प्रवाशांचं भांडण गारव्याशी नव्हतं. त्यांची रोजची गाडी गेली होती.

मग 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही घरी परतली नाहीत. त्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. ती बसलीच पाहिजेत. पण मग थांब्याचा हिशेब सगळ्याच गाड्यांना नव्याने मांडावा लागेल. ठाणे, दादर, घाटकोपर, अंधेरी अशा स्टेशनांत दारांना जेवढा वेळ खरोखर लागतो, तेवढा वेळापत्रकात धरा. 8:33 ची गाडी रोज 8:40 ला येणार असेल तर 8:40 छापा, मी घरून सात मिनिटं उशिरा निघेन, पण लॅबमध्ये पहिल्या माणसाला खरी वेळ तरी सांगू शकेन. साध्या गाडीची वेळ काढून एसीला देऊ नका. मुंबईसाठी 238 एसी गाड्या घ्यायचं कधीचं ठरलं आहे, त्या रुळावर येईपर्यंत आहेत त्या एसी गाड्या दिवसभर विखरून न चालवता सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत जवळजवळ सोडा. आणि दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक! तिथला पूल पुरा करून ते फाटक कायमचं बंद करा. ते रस्त्यासाठी उघडं राहिलं की दोन्हीकडच्या गाड्या खोळंबतात.

तो मुलगा मागच्या आठवड्यात पुन्हा दिसला. पाऊस होता, 8:33 चा पत्ता नव्हता, इंडिकेटरवरही काही येत नव्हतं. शेवटी त्याने आधी आलेली साधी पकडली. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा तो दारात, बाहेरच्या बाजूला होता, सॅक पोटाशी धरून.