पैठणी कुणाच्या नावावर?

ऑनलाइन बाजारातल्या बनावट मालाची चर्चा निघाली की ती ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक वाट मोठ्या कंपन्यांची. त्यांचं नाव चोरलं जातं, त्या वकील लावतात, न्यायालयात जातात. उंची पादत्राणं बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीनं भारतीय संकेतस्थळाविरुद्ध केलेल्या दाव्याचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिला, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली. दुसरी वाट ‘शहाण्या ग्राहका’ची. रविवारच्या पुरवण्यांमध्ये सल्ले असतात : शिक्का तपासा, लोकांचे अभिप्राय वाचा, फार स्वस्त असेल तर घेऊ नका. एकीकडे कंपनीचा नफा, दुसरीकडे खरेदीची हुशारी. यात स्त्रियांच्या चळवळीनं पडावं असं काही आहे, हे आपल्या मनातही येत नाही.

मला वाटतं, यायला हवं. कारण या दोन्ही वाटांवर एक व्यक्ती कुठेच दिसत नाही : अस्सल वस्तू जिनं हातानं घडवली ती. ती कंपनी नाही, म्हणून तिच्याकडे वकील नाही. ती ग्राहकही नाही, म्हणून तिची तक्रार घ्यायला खिडकी नाही. हे नीट समजावं म्हणून आपल्या अगदी जवळचं उदाहरण घेते. पैठणीचं.

मोबाइलवर ‘पैठणी’ हा शब्द टाकून पाहा. हजार रुपयांच्या आतल्या साड्यांची रांग लागते. कुणावर ‘प्युअर सिल्क’, कुणावर ‘हँडलूम’, कुणावर ‘ओरिजिनल येवला’. रेशमाच्या धाग्याचा किलोचा भावच काही हजार रुपये आहे. म्हणजे विणकराची मजुरी, जर, रंग सगळं बाजूला ठेवलं तरी नुसत्या रेशमाची किंमत त्या साडीच्या किमतीहून जास्त भरते. तेव्हा ही साडी रेशमी नाही आणि हातमागावरचीही नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी ते शब्द तिथे असतात, कारण शोधणारी बाई तेच शब्द टाइप करते.

खरी पैठणी कशी होते ते आठवू या. पदरावरचा मोर किंवा काठावरचा पोपट विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी हातानं फिरवावी लागते, रंगाला रंग अडकवत पुढे जावं लागतं. म्हणून ही साडी उलटसुलट दोन्हीकडून सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. पदर भरगच्च असला तर दिवसभरात काम काही बोटंच पुढे सरकतं. साध्या साडीला काही आठवडे लागतात, भरजरी साडीला सहा महिने, कधी वर्षही. यंत्रमागावर तशीच दिसणारी नक्षी काही तासांत निघते.

आता या कामात बाई कुठे आहे? चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५ लाखांहून जास्त हातमाग कामगार आहेत आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया. त्याच गणनेत असंही आढळलं की विणकरांच्या तीनपैकी जवळजवळ दोन कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या खाली आहे. स्त्रियांचा आकडा मोठा दिसतो तो मुख्यतः ईशान्य भारतातल्या घरोघरच्या मागांमुळे. आपल्याकडे येवल्यात गेलात तर मागावर बहुधा पुरुष बसलेला दिसेल. बाई आजूबाजूला असते. रेशमाच्या लडी उकलणं, कांड्या भरणं, ताण्याचा तुटलेला धागा सांधणं, रंगांची जुळवाजुळव, आणि मधूनच मागावर बसून चार बोटं विणून देणं. स्वयंपाक, पोरंबाळं, पाणी यांच्या मधल्या फटींमध्ये हे चाललेलं असतं. मी ज्या घरांत गेले, तिथे ‘तुम्ही काय करता’ असं विचारलं की बाईचं उत्तर ठरलेलं, “काही नाही, यांना मदत करते.”

ही ‘मदत’ आपल्या चांगली ओळखीची आहे. शेतीत, विडीत, पापडात, सगळीकडे आपण ती पाहिली. साडीला जो भाव येतो त्यात या मदतीची मजुरी वेगळी धरलेली नसते. आणि भाव पडला की पहिली काटछाट तिथेच होते. बाजारात हजार रुपयांची ‘पैठणी’ उभी राहिली की व्यापारी विणकराला म्हणतो, गिऱ्हाईक एवढं देत नाही. मग विणकर मदतनीस लावायचं बंद करतो आणि त्याचं काम घरातल्या बाईवर येतं, बिनपैशाचं. बनावट मालाचा भुर्दंड असा उतरत उतरत शेवटी तिच्यापाशी येऊन थांबतो. कुठल्याही दाव्यात तो दिसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आपलं बोलणं भलत्याच वळणावर जाईल. यंत्रमागावरची, पॉलिस्टरची, मोराच्या काठाची साडी नेसण्यात काहीही गैर नाही. पैठणी शतकानुशतकं राजघराण्यांच्या आणि सरदार-सावकारांच्या बायकांची होती. झी मराठीवर २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’नं आणि नंतर राजकीय पक्षांच्या ‘खेळ पैठणीचा’नं ती घराघरांतल्या बायकांच्या स्वप्नात आणून ठेवली. त्या कार्यक्रमांबद्दल आपले मतभेद आहेत, ते असू देत. पण घरकाम करणाऱ्या बाईला मुलीच्या लग्नात मोराचा पदर मिरवावासा वाटला तर तिला ‘नकली नेसलीस’ म्हणून हिणवणं हा शुद्ध वर्गीय माज आहे. ती साडी विणणारा यंत्रमाग कामगारही बारा-बारा तास राबतो, त्याचंही पोट त्यावर आहे.

तक्रार साडीबद्दल नाही, तिला दिलेल्या नावाबद्दल आहे. आपल्या जुन्या बाजारानं यासाठी एक शब्द काढला होता : ‘सेमी’. दुकानदार गादीवर साडी टाकता टाकता सांगायचा, “ताई, ही सेमी आहे, ती तिकडची प्युअर.” सगळेच खरं सांगायचे असं नाही. पण शब्द होता, आणि साडी उलटी करून बघायची सोय होती. मोबाइलवर उलटी बाजू दिसत नाही. दाखवलेला फोटोसुद्धा अनेकदा खऱ्या पैठणीचा असतो. ‘सेमी’ हा शब्द गळून पडतो, कारण तो लिहिला तर साडी शोधात मागे जाते. थोडक्यात, तिथे खोटं बोलणाऱ्याचा माल वर येतो आणि खरं सांगणारा खाली राहतो.

कायदा नाही असं नाही. ‘पैठणी साड्या व वस्त्रं’ यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. मानांकनाच्या कायद्यात खोट्या वापराला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण हे नाव एकट्यादुकट्याच्या मालकीचं नसतं, ते त्या भागातल्या साऱ्या कारागिरांचं असतं. आणि जे साऱ्यांचं, त्यासाठी धावपळ कुणी करायची? येवल्याच्या विणकरानं दिल्ली-बंगळुरूच्या कंपनीविरुद्ध रोज उगवणाऱ्या शेकडो जाहिरातींची तक्रार करत बसायचं की विणायचं?

याहून टोचणारी बाब दुसरीच आहे. केंद्र सरकारनं २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम केले. त्यांत म्हटलं आहे की ज्या विक्रेत्यांचा माल कायदेभंगामुळे पूर्वी काढून टाकावा लागला आणि जे पुन्हापुन्हा तसाच माल आणतात, त्यांची नोंद बाजार चालवणाऱ्या कंपनीनं ठेवण्याचा प्रयत्न करावा. कुठल्या कायद्यांचा भंग? नियमात तीन नावं आहेत : कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि माहिती तंत्रज्ञान. भौगोलिक मानांकनाच्या कायद्याचं नाव त्यात नाही. कंपनीच्या छापाची चोरी पुन्हापुन्हा करणारा यादीत जाईल. पैठणी, हिमरू, कोल्हापुरी चप्पल या नावांची चोरी पुन्हापुन्हा करणाऱ्याला त्या यादीची भीती नाही. विसरून राहिलं असेल कदाचित. पण कुणाचं राहून जातं आणि कुणाचं कधीच राहून जात नाही, हे आपण इतकी वर्षं पाहत आलो आहोत.

बाजार चालवणाऱ्या कंपन्या म्हणतात, आम्ही विकत नाही, फक्त जागा देतो. हे म्हणणं कितपत टिकतं, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या एका वस्तूनं दाखवून दिलं आहे. फेब्रुवारी २०२१ पासून प्रेशर कुकरला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. त्यानंतरही ॲमेझॉनवरून शिक्क्याविना २,२६५ कुकर विकले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं आदेश दिला : घेणाऱ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि एक लाख रुपये दंड भरा. प्राधिकरणाचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक विक्रीवर पैसे मिळवता, तर तक्रार आल्यावर हात झटकता येणार नाहीत. कंपनीनं या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्याच महिन्यात फ्लिपकार्टवरच्या ५९८ कुकरबद्दलही असाच आदेश निघाला. या कुकरवर ॲमेझॉनला मिळालेली रक्कम सहा लाखांहून जास्त होती. दंड एक लाख. हा हिशेब कुठल्याही बचत गटातली बाई तोंडी करील आणि विचारील, मग त्यांना परवडलंच की!

तरीही त्या आदेशातलं तत्त्व आपल्या कामाचं आहे. कुकर फुटला तर जीव जातो, म्हणून सरकार जागं झालं. खोट्या नावाच्या साडीनं कुणी भाजत नाही. पण विक्रीवर जो टक्का घेतो त्यानं मालाबद्दल जबाब द्यावा, हे तत्त्व साडीलाही लागू पडतं.

या साखळीत आणखी एक बाई आहे, तिला विसरून चालणार नाही. घरबसल्या व्हॉट्सॲपवर साड्या विकणारी. नोकरी नाही, बाहेर पडायला परवानगी नाही, हातात चार पैसे यावेत म्हणून तिनं हे सुरू केलेलं असतं. वरून तिला फोटो येतात, खाली ‘प्युअर पैठणी, हातमाग’ असं लिहूनच येतात. ती ते पुढे पाठवते. साडी पहिल्या धुण्यात विटली की शेजारीण तिच्या दारात येते. घाऊक व्यापारी फोन उचलत नाही. नफा वर गेलेला असतो आणि नाचक्की हिच्या वाट्याला येते. बनावट मालाविरुद्ध मोहीम काढताना आपलं बोट या बाईकडे वळणार नाही, याची काळजी आपणच घ्यायला हवी.

मग करायचं काय? १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हा बायकांनी तेल, रॉकेल, धान्य हे राजकारणाचे विषय केले. बाजारात काय येतं, कुठल्या भावानं येतं, हा खासगी खरेदीचा प्रश्न नाही, हे त्या पिढीनं आपल्याला शिकवलं. आजचा बाजार मोबाइलमध्ये आहे, एवढाच फरक.

पहिली मागणी नियमांबद्दल. ई-कॉमर्स नियमांत भौगोलिक मानांकनाच्या कायद्याचा उल्लेख हवा. ‘पैठणी’ म्हणून साडी टाकणाऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपला नोंदणी क्रमांक दिलाच पाहिजे. नसेल तर ‘यंत्रमाग’ हा शब्द आणि धाग्याचं खरं नाव साडीच्या नावातच, ठळक अक्षरात हवं. साडी विका, पण तिला तिच्या नावानं हाक मारा.

दुसरी मागणी आपल्या अगदी जिव्हाळ्याची. मानांकनाची नोंद, विणकराचं ओळखपत्र, सरकारी योजनांची यादी यांत त्या घरातल्या बाईचं नाव स्वतंत्रपणे लागलं पाहिजे. अधिकृत वापरकर्ता होण्याच्या अर्जाची फी २०२० मध्ये पाचशेवरून दहा रुपयांवर आली. पैशाची अडचण उरलेली नाही, अडचण ‘मदत करते’ या दोन शब्दांची आहे. सात-बारावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण झगडलो, तसंच हे. खोटी पैठणी हटवून खरीचा भाव वाढला आणि तो पैसा पुन्हा एकाच्याच नावावर जमा झाला, तर आपण लढलो कशासाठी?

तिसरं काम मागणीचं नाही, हाताशी असलेलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडेही करता येते. कलेक्टर कचेरीचा रस्ता आपल्याला नवा नाही. प्रत्येक गटानं आपापल्या जिल्ह्यातल्या एखाद्या मानांकित वस्तूच्या खोट्या जाहिराती गोळा कराव्यात, तारखेसह छापून घ्याव्यात आणि निवेदनाला जोडाव्यात. ज्या बाईची खरेदीत फसवणूक झाली, तिला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा. ती जिथे राहते तिथल्याच जिल्हा आयोगात तिला दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही तिला सांगावं. आणि आपल्या गटांतल्या साड्या विकणाऱ्या मैत्रिणींनी मिळून ठरवावं की वरून आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवायचा नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून साडी कशाची, कुठल्या मागावरची हे लिहून घ्यायचं. एकटीनं विचारलं तर तो फोन ठेवील. पन्नासजणींनी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

येत्या ७ ऑगस्टला, राष्ट्रीय हातमाग दिनी, ठिकठिकाणी हातमागाच्या साड्या नेसून फोटो काढले जातील. त्या दिवशी आपल्या निवेदनांचा गठ्ठा कलेक्टर कचेरीत पोचलेला असावा आणि तो द्यायला मागाशेजारी कांड्या भरणारी बाई पुढे असावी, अशी माझी सूचना आहे. गटांनी आपसात बोलून काय ठरतं ते कळवावं.