एकीच्याच नावे

पेढीवर चाळीस वर्षे बसून ज्यांनी हिशेबात एका पैशाची चूक होऊ दिली नाही, असे एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. हल्ली जेवण होऊन अर्धा तास झाला, की ते आल्यागेल्यांसमोर सुनेला विचारतात, “आज मला उपाशीच ठेवायचे आहे का?” पाहुणे सुनेकडे पाहतात, ती मान खाली घालते. ‘अस्तु’ हा चित्रपट पाहताना मला वारंवार तिची आठवण येत होती.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री साकारले आहेत. अल्झायमरने त्यांची स्मृती ओसरत चालली आहे. लेक इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी उतरते; तेवढ्यात रस्त्यात हत्ती दिसतो आणि बालकाच्या कुतूहलाने ते त्याच्यामागे निघून जातात. वडिलांच्या शोधाबरोबर घरातील दडलेले ताणही वर येऊ लागतात.

इकडे माहुताची पत्नी चन्नम्मा या अनोळखी वृद्धाला लेकरासारखे सांभाळते. तेही तिला आई मानतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा, तर संवादांसाठी सुमित्रा भावे यांना ६१वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

चन्नम्मा थोर, म्हणून इरा उणी, असा निवाडा करण्याचा मोह होतो. पण तो अन्यायाचा ठरेल. शास्त्री पूर्वी कोण होते, हे चन्नम्माला ठाऊकच नाही. त्यामुळे तिचे काही हरवलेले नाही. इरा मात्र वडील समोर असतानाच त्यांना रोज थोडे थोडे गमावते आहे, आणि तरीही त्यांचे औषधपाणी तिलाच पाहायचे आहे.

आपल्या व्यापारी घरांत खरेदी, गल्ला, उधारीची वसुली ही कामे भावाभावांत वाटलेली असतात. वृद्धांच्या शुश्रूषेची वाटणी मात्र कोणी करीत नाही. ती मुकाट्याने एकाच स्त्रीच्या नावे लिहिली जाते, आणि वर चुकांचा जाबही तिलाच विचारला जातो. आठवड्यातील एक दुपार दुकान भावावर सोपवून मुलगा वडिलांपाशी बसला, तर पेढीचे फारसे बिघडणार नाही.

आणि आपण पाहुणे म्हणून गेलो असताना आजोबांनी तो प्रश्न विचारलाच, तर सुनेकडे संशयाने पाहू नये. तिला एवढेच विचारावे, “ताई, तुम्ही जेवलात का?”