गोचिडाला परवाना लागत नाही



ऐन पेरणीत बैल बसला की तिफण बांधावर पडते, हे आपल्याला साहेबांनी येऊन सांगायची गरज नाही. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकाचे तर सगळे घरच गुरांवर. तिथे गोचिडातून थायलेरिया पार्व्हा नावाचा रक्तजंतू अंगात शिरतो. कानाखालची गाठ सुजते, ताप चढतो, फुफ्फुसात पाणी भरते आणि तीन-चार आठवड्यांत जनावर जाते. वर्षाला सुमारे 10 लाख गुरे अशी मरतात, असा अंदाज आहे. आपल्या संकरित गायी ज्या गोचीड तापाने पटापट मरतात तो थायलेरिया अ‍ॅन्युलाटा याचाच चुलतभाऊ. म्हणून तिकडची हकिकत इथे छापतो आहोत.

या रोगावर लस 1970च्या दशकातच निघाली. नैरोबीजवळच्या मुगुगा येथील केंद्रात, आणि ते केंद्र केनिया, युगांडा, टांझानिया या तिघांचे सामाईक होते. तीन वाणांचे जिवंत जंतू टोचायचे आणि त्याच वेळी लांब मुदतीचे ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यायचे. रोग हलका येऊन जातो, जनावर पुढे निभावते. दोन वाण केनियाचे, मुगुगा आणि किआम्बू. तिसरा टांझानियातल्या सेरेंगेटीचा.

1977 साली तिन्ही देशांचा संघ मोडला. मग केनियाच्या सरकारी पशुवैद्यकांना शंका आली की या लशीतून परका जंतू आपल्या गुरांत घुसेल. परवान्याला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. पलीकडे टांझानियात मासाई पशुपालक 1990च्या दशकाच्या अखेरीपासून पदरचे पैसे मोजून लस टोचून घेऊ लागले होते. निरक्षर म्हणून ज्यांना हिणवतात त्यांना हिशेब आधी कळला.

2015 साली तिन्ही वाणांची जनुके जुळवून पाहिल्याचे निष्कर्ष छापून आले. टांझानियाचा सेरेंगेटी आणि केनियाचा मुगुगा जवळजवळ एकच निघाले! खरा वेगळा निघाला तो किआम्बू, केनियाच्याच मातीतला. नकाशावरची रेघ जंतूच्या अंगात कुठेच नव्हती. या तीस वर्षांत मेलेल्या गुरांची भरपाई कोणत्या खात्यातून मिळणार?

पण आम्ही एकच बाजू सांगणार नाही. भीती सगळीच खोटी नव्हती. झांबियाच्या दक्षिण प्रांतात लशीतला एक वाण टोचलेल्या गुरांतून बाहेर पडला आणि आसपास पसरला. तेही कळले ते जनुके जुळवूनच. आफ्रिकेतला रानरेडा हा जंतू अंगात बाळगतो, स्वतः मात्र आजारी पडत नाही. त्याच्यातले जंतू इतके नाना तऱ्हेचे आहेत की त्यांच्यापुढे या लशीचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे रक्ताचा थेंब सांगतो. तो तपासायचा सोडून देशाचे नाव पाहून शिक्का मारायचा, याला आमचा विरोध आहे.

आणखी एक. ही लस द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि एका नळीत 40 जनावरांचा डोस. दोन गायींच्या धन्याने उरलेली अडतीस कुठून आणायची? संशोधन करणाऱ्यांनी हा प्रश्न गोठ्यात उभे राहून सोडवायचा असतो.

आता आपले पाहा. संकरित गाय घ्या म्हणून कर्जासकट गळ्यात मारली. ती गावठीपेक्षा गोचीड तापाला लवकर बळी पडते, हे कर्जाच्या कागदावर कोणी लिहिले? आपल्या देशातही या तापाची लस बनते. तालुक्याच्या दवाखान्यात ती मागून पाहा. बाजारात तर बैल कर्नाटकातून येतो, तेलंगणातून येतो, मध्य प्रदेशातून येतो, आणि अंगावरचा गोचीड दाखला न दाखवता त्याच्याबरोबर उतरतो. या चार राज्यांतले जंतू एक की वेगळे, ते जुळवून पाहावे आणि निकाल मराठीत, गावच्या चावडीवर लावावा, अशी मागणी जिल्हा बैठकीत मांडायची आहे.

बैठकीला येताना यंदा गोचीड तापाने गेलेल्या जनावरांची यादी आणा. गावठी की संकरित, कोणत्या बाजारातून घेतलेले, इंजेक्शनला किती रुपये गेले, आणि डॉक्टर कितव्या दिवशी आला.