भुशाचा हिशोब

कला शाखेच्या विद्यार्थ्याने भुशावर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. खुशाल हसा. परंतु माझे वडील सुतार आहेत, आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी भरली जाते ती भुशातूनच.

दोन वर्षांपूर्वी दादाने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी सीएनसी राउटर जुळवला. म्हणजे संगणकाच्या आज्ञेबरहुकूम फिरून लाकूड कोरणारे यंत्र. देव्हाऱ्याच्या ज्या जाळीला वडिलांचे दोन दिवस जात, ती आता तासाभरात निघते. सगळ्यांनी कौतुक केले. भुसा ओढून घेण्याची सोय मात्र ‘नंतर बघू’ या सदरात पडली. तिला म्हणतातच मुळी अ‍ॅक्सेसरी! असली तर बरी, नसली तरी चालेल. माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

वडिलांच्या रंध्यातून सालपटांची भेंडोळी निघत. ती पायाशी पडत आणि संध्याकाळी आई चुलीसाठी गोळा करी. राउटरखालचा एमडीएफ मात्र पिठासारखा उडतो आणि यंत्र थांबल्यावरही हवेत तरंगत राहतो. लाकडाचे तंतू राळेने दाबून हा तक्ता करतात आणि त्या राळेत बहुधा फॉर्माल्डिहाइड असते. यंत्राने काम बदलले तसा कचराही बदलला, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानी आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ सालच्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. ते मी ग्रंथालयात बसून वाचले. वडिलांचा खोकला मात्र घरातच होता.

मग शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी व्हॅक्यूम आणला. (पुस्तके उसनी मिळतात.) पण एका मापाचे दुसऱ्याला बसेल तर शपथ! व्हॅक्यूमची नळी बारीक, बाजारातला पीव्हीसी पाइप वेगळ्याच मापाचा. शेवटी शेतातल्या पाइपलाइनला करतात तसे पाइपचे तोंड गरम करून फुगवले आणि नळी आत दामटली. पात्याभोवतीचा बूट अ‍ॅक्रिलिकचा, तो यंत्रानेच कापून दिला. त्याची झालर म्हणजे दाराखाली लावतात तो ब्रश. पहिला बूट आम्ही मोटरलाच बांधला होता. पाते खोल जाई तसा ब्रश दुमडे. मग तो वरखाली न होणाऱ्या भागावर बसवला. शिवाय राउटरचा स्वतःचा पंखा खाली वारा मारून भुसा उधळतो. त्या वाऱ्याला आड घालावा लागला, तेव्हा कुठे ओढ लागली. व्हॅक्यूमची पिशवी भराभर चोंदू नये म्हणून मधे शंकूच्या आकाराचे सायक्लोन घातले. त्यात हवा गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो. रंगाची २० लिटरची ती बादली पहिल्याच दिवशी पाइप तुंबल्यावर आतल्या आत चिपटली! दादा चिडला, वडील मात्र कितीतरी दिवसांनी मनमोकळे हसले, आणि हसता हसता खोकले.

धूळ उगमापाशीच ओढावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात लिहिलेले होते. पण तो कायदा कारखान्यांसाठी. बाप-लेक राबतात त्या शेडच्या दाराशी कोण निरीक्षक येणार? आपले आपणच निरीक्षक व्हायचे, तर आधी ‘ऑर्डर पुरी होऊ दे’ हे पालुपद सोडले पाहिजे. दादाशी माझे भांडण आहे ते यावरूनच. तो म्हणतो, पैसा आला की चांगला फिल्टर घेऊ. मी म्हणतो, सर्वांत बारीक धूळ सायक्लोनलाही चुकवते आणि साधा व्हॅक्यूम ती मागच्या बाजूने पुन्हा शेडमध्येच सोडतो. डोळ्यांना शेड स्वच्छ दिसते, एवढेच.

सध्या दादा एका गिऱ्हाइकासाठी दुसरे यंत्र जुळवतो आहे. सामानाची यादी माझ्या अक्षरात आहे. पहिल्या ओळीत फिल्टर, दुसऱ्या ओळीत पाइप, मोटर चौथीत. दादाने अजून ती खोडलेली नाही.